एरंडेलाचा वास

दुपारचं जेवण आटोपलं की हौसाक्का इंगवले पडवीतल्या दिवाणावर आडवी होते. आजही झालीय. वर पंखा कुईकुई करतोय, पापण्या जड होतायत, आणि ती नवऱ्याचं जुनं जर्किन नाकाशी घट्ट धरून नुसती हुंगतेय. काही नाही. चमेली! साबणाच्या पुडीतली मेली चमेली तेवढी येते.

झालंय असं, की दौलतरावांच्या श्राद्धाला फोटोशेजारी मांडायला म्हणून सुनेनं, रेवतीनं, ते जर्किन मशीनला लावलं. बिचारीनं जीव लावून दोनदा धुतलं. वास जपून ठेवतात हे तिला ठाऊक असायचं कारण काय? तिला ती घाण वाटली, तिनं काढली. हौसाक्का तिला एक शब्द बोलली नाही. न्हाणीत गेली, पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि रडली.

त्या जर्किनला एरंडेलाचा वास होता. पोट साफ व्हायला देतात ना, तेच एरंडेल, दुसरं नाही. पूर्वी कळंब्याच्या पलीकडं माळावर फटफटींच्या शर्यती लागायच्या, तेव्हा ही माणसं पेट्रोलात एरंडेल घालायची. इंजिन तापलं की असा गोडसर, करपट धूर सुटायचा, की एकदा हुंगला तो माणूस कामातनं गेला म्हणून समजा. आणि आवाज! दहा फटफटी एकदम सुटल्या की बघणाऱ्याची छाती आतनं थरथरायची, शेजारच्या वस्तीतली भांडी मांडणीवरनं खाली यायची. आता फिरतात त्या काय गाड्या म्हणायच्या? त्यांच्यापेक्षा घरातला मिक्सर बरा.

लग्नानंतरच्या पहिल्याच शर्यतीला दौलतरावांनी माळावरून निरोप धाडला, "एरंडेल घरीच ऱ्हायलंय, बिगीनं आण." नवी नवरी घाबरली. ऐन शर्यतीच्या दिवशी मालकांचं पोट गच्च झालं की काय! तिनं एरंडेल कोमट केलं, सुंठीच्या चहात घातलं, तांब्यावर वाटी पालथी घातली आणि लगबगीनं माळावर नेलं. अख्खा माळ पोट धरधरून हसला. तेव्हापासून गावानं त्यांचं नाव पाडलं, एरंडेल इंगवले. ह्या बहाद्दरानं मात्र, बायको चार माणसांत हिरमुसू नये म्हणून, तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला. शर्यत काही त्या दिवशी पुरी झाली नाही, हे सांगायला नकोच.

असा गडी शर्यतीत गेला असता तर लोकांनी नाव तरी काढलं असतं. गेला काविळीनं, दवाखान्याच्या खाटेवर, पिवळा होऊन. त्यांचा आवाज हौसाक्काच्या कानातनं कधीच गेला. चेहरा आठवायला जावं तर भिंतीवरच्या फोटोतला येतो, हार घातलेला. उरला होता एक वास. आता तोही धुऊन दोरीवर वाळत घातला.

पापणी मिटते, उघडते. पंखा फिरतोय, पण कुईकुई थांबलीय.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर दौलतराव उकिडवे बसलेत, ऐन चाळिशीतले, आणि दुधाच्या मापानं पेट्रोलात एरंडेल ओततायत.

"जेवलासा न्हवं?" हौसाक्का विचारते. इतक्या वर्षांनी नवरा समोर आलाय आणि तिच्या तोंडातनं हेच निघतं.

"जेवून शर्यत पळवतंय व्हय कोण, हौसे?"

ती धावत जाते, त्यांच्या मानेत नाक खुपसते. मान ऊबदार आहे, घामानं ओली आहे, आणि तिला कसलाच वास नाही. माप हातात घेते, नाकाला लावते. त्यालाही नाही.

"आवं, वासच येत न्हाई तुमचा."

ते स्वतःचा दंड हुंगून बघतात. "न्हाई खरं. तिकडं कुणालाच येत न्हाई. सवय हुतीया."

"तुम्हाला सवय झाली! माझं काय?"

ते उठून उभे राहतात. स्वयंपाकघराच्या फरशीवर पांढरी फक्की मारलेली आहे, शर्यत सुटायची रेघ, आणि रेघेपलीकडं माळ पसरलाय. चुलीपाशी त्यांची जावा फटफटी उभी आहे. मांडणीच्या फळ्यांवर माणसं दाटीवाटीनं बसलीत, कुणी शेंगा फोडतंय, कुणी शिट्टी घालतंय. शिट्टी ऐकू येत नाही. दौलतराव किक मारतात. गाडी थरारते, मागं निळा धूर लोळतो, माणसं तोंडं वासून ओरडतात. पण आवाजाचं नाव नाही. हौसाक्का धुरात उभी राहून छाती भरभरून श्वास घेते. धूर आत जातो आणि पाण्याइतकासुद्धा लागत नाही.

"बस मागं," दौलतराव म्हणतात. म्हणजे त्यांचे ओठ तसे हलतात, आणि तिला कळतं.

ती बसते. माळ सुटतो. दोन्ही बाजूंना दवाखान्याच्या भिंती आहेत, अर्ध्या हिरव्या रंगवलेल्या, आणि खाटांवर उठून बसलेली पेशंट माणसं टाळ्या वाजवतायत. हौसाक्का त्यांच्या पाठीला मिठी मारून नाक घासते, डावीकडं, उजवीकडं, कॉलरच्या आत. माणूस हाताला लागतोय आणि सापडत नाही. तिला असं रडू फुटतं, की लाज कसली आणि काय कसलं!

"एकदाच द्या की वो! एवढासा! मला दुसरं काय नको. तुमचं तोंड मला फोटूतलंच आठवतंय, हारासकट. बोलणं तर पार गेलं. आता ह्यो पण गेला, तर मी तुम्हाला आठवू कशानं, सांगा! तुम्ही हुता ह्ये मला तरी कशावरनं खरं वाटायचं?"

दौलतराव मान वळवतात. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आहे. "माझ्या हातात असतं तर डबा भरून आणलं असतं, हौसे."

समोर, खूप पुढं, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं निशाण दिसायला लागतं. तिला कुणी सांगावं लागत नाही. शर्यत संपली की संपलं.

"हळू चालवा."

"शर्यत हाय ही."

"पाया पडते तुमच्या. हळू चालवा."

आणि काय सांगावं! जन्मात कधी कुणाला पुढं जाऊ न देणारा तो माणूस मूठ सोडतो. एक गाडी पुढं जाते. दुसरी जाते. खाटांवरची माणसं हसायला लागतात, बोटं दाखवतात, आणि एरंडेल इंगवले बायकोला मागं बसवून, मान खाली घालून, सगळ्यांच्या शेवटी, सायकलीच्या बेतानं फटफटी चालवतात. तरी निशाण जवळ येतच राहतं. हौसाक्का दोन्ही पाय खाली सोडते, टाचा मातीत रोवते, पोटऱ्या तापलेल्या गाडीला जीव खाऊन दाबते. नाही थांबत. "नका जाऊ!" ती ओरडते, "अवो, नका ना जाऊ!" आणि निशाण तिच्या तोंडावरनं धुतलेल्या कपड्यासारखं ओलं, गार सरकतं.

"आत्या! अहो आत्या, उठा!"

रेवती तिचे खांदे हलवतेय. चहाचा कप खाली फरशीवर ठेवलाय. पंखा कुईकुई करतोय.

"केवढ्यानं ओरडत होता! मी पळतच आले." रेवती तिचं लुगडं सारखं करायला वाकते आणि तिथंच थबकते. "अगंबाई! हे काय झालं?"

हौसाक्का उठून बसते. उजव्या पोटरीच्या आतल्या अंगाला तळहाताएवढा लालभडक चट्टा आहे, आणि मधोमध पाणी भरून टच्च फुगलेला फोड.

"भाजलंय हे, आत्या! कशाला टेकला होता? सकाळी अंघोळीला पाणी काढलं तेव्हा तर काही नव्हतं!" ती अंगणात धावते, कोरफडीचं पान मोडून आणते, सोलत सोलत गुडघ्यांवर बसते. "फार आग होतेय का?"

हौसाक्का फोडाच्या कडेला बोट लावते. अशी कळ जाते, की डोळ्यांतनं घळाघळा पाणी येतं. आणि ती हसते, रडते, दोन्ही एकदमच करते, आणि कोरफड घेऊन पुढं आलेला सुनेचा हात मनगटाशी घट्ट धरून ठेवते.

"लावू नको, पोरी. होऊ दे आग."