विरजणाची वाटी

रविवार, संध्याकाळ. जागा: गेवराईतला आमचा ओटा. हजर: मी, समोरच्या शिलाईवाल्या वहिनी, पिठाच्या गिरणीचे मामा आणि ज्याच्यासाठी बैठक बोलावली होती तो, खुर्चीत, सुजलेले पाय पुढे सोडून.

"मागू द्या तिला," तो म्हणाला. कशावरही त्याचं हेच म्हणणं असायचं.

गल्ली त्याला डायवर म्हणायची. बीड रस्त्यावर त्याची जीप चालायची. दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा जीप विकली. बायको कापसाच्या जिनिंगवर कामाला. घरी तो आणि सात वर्षांची गुड्डी. डायलिसिसचे वार सोडले तर रोज संध्याकाळी ही पोर वाटी घेऊन कुणाच्या तरी दारात उभी. "पप्पांनी विरजण मागितलंय."

रोज विरजण कुणाचं संपतं का, तुम्हीच सांगा. एकदा मी भाजी द्यायला गेले, तर त्यांच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर घट्ट दह्याचं पातेलं. माझी नजर गेलेली पाहून त्यानं हसत झाकण सरकवलं.

मला असा गोंधळ खपत नाही. मी यादी करून वार लावून दिले: सोमवारचा डबा माझ्याकडून, मंगळवारचा वहिनींकडून, बुधवारचा मामांकडून, मग पुन्हा मी. पोरीनं हिंडायचं नाही. त्यासाठीच ही बैठक.

"ताई, लई झकास केलं," तो म्हणाला. "पर माझी समदी लाईन बंद पाडली."

"म्हणजे?"

"गाडी बंद पडल्यावर वळख काढाय गेलं तर कोन दार उघडतंय? येता-जाता हात केलेला असला की मानूस टॉर्च घिऊन येतंय. मी हाय तवर पोरीला समदी दारं दाखवतो. अन् मागायची लाज मोडतो. माझी न्हाई मोडली. पाय सुजले तरी कुनाला बोललो न्हाई. डाक्टर म्हनला, उशीर केला."

मग मामा म्हणाले, "विरजण शिकव. माझ्याकडं पैसे मागायला नको शिकवू म्हणजे झालं."

"तुमी पीठ तोलताना आंगठा ठिवता मामा, पैसे काय देता!"

बैठक संपली. माझी यादी मी घडी घालून ठेवली.

आमच्याकडे दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर देत नाहीत. ते ठाऊक असून त्यानं एकदा गुड्डीला मुद्दाम त्या वेळी गिरणीच्या मामींकडे पाठवलं. पोर रिकामी वाटी घेऊन रडत आली.

"न्हाई म्हनल्या?"

"हं."

"मारलं का?"

"न्हाई."

"हात-पाय जाग्यावर हायेत का? बघ बरं."

तिनं खरंच चाचपून पाहिले.

"मंग सकाळी परत जायाचं."

सकाळी मामींनी वाटी भरली आणि वर साखर घातली.

शेवटी शेवटी तो माझ्यावर घसरला. "ताई, तुमी समद्यांला देता. कुनाला काय मागता का?"

"मला काही लागत नाही."

"मीबी असंच म्हनायचो." मग त्यानं कोपऱ्यावरच्या घराकडे बोट केलं. भिंतीच्या भांडणापासून तिथं माझं बोलणं बंद आहे. "तिथून एक वाटी विरजण आना. बघा काय तुटतंय का."

संक्रांतीनंतर तो गेला.

त्याची बायको कामावर परत गेली त्या पहिल्या संध्याकाळी मी त्यांच्यासाठी डबा भरत होते, तोच गुड्डी दारात आली. हातात वाटी नव्हती. "मावशी, आईला उशीर हाय. मला भूक लागली. अन् वेणी सुटली." पाठ माझ्याकडे करून ती ताटावर बसली. "ओढू नका ना, हळू!" असं मला दटावून पोटभर जेवली. उठताना म्हणाली, "उद्या मी शिलाईवाल्या काकूंकडं."

वार तिनंच लावले होते.

माझ्या यादीतली कामं रोज संपतात. एकच ओळ पुढच्या पानावर जाते: कोपऱ्यावरून विरजण. गुड्डीच्या बापानं जाताना हेही तिला सांगून ठेवलेलं दिसतं. आज ती स्वतःच वाटी घेऊन आली. "चला मावशी, दिवे लागायच्या आत."

म्हटलं, एवढं लिहून होऊ दे.

ती पायरीवर बसली आहे. वाटी वाजवते आहे.