चेहरा ओळखीचा वाटला

जगात सगळ्यांत जास्त माणसं ओळखणारा आणि त्यातल्या एकालाही ओळख न दाखवणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे दाजी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. उभा जन्म त्यांनी तुरुंगात काढला. कंपनीत नवा असताना हेच वाक्य मी डबा खाता खाता बोलून गेलो, तर शेजारी बसलेला बिहारी ऑपरेटर घास हातात धरून म्हणाला, "कितने साल की हुई?" मी म्हटलं, "रिटायर होने तक." त्यानं आपल्या डब्यातली निम्मी भाजी माझ्या डब्यात घातली आणि पुढे कित्येक दिवस तो माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू आवाजात बोलत होता. मग कुणीतरी त्याला समजावलं की याचे जीजाजी कैदी नाहीत, जेलमध्ये हवालदार आहेत. ते ऐकून बिचाऱ्याचा जरा हिरमोडच झाला.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. मी तारापूरच्या कारखान्यात चिकटलो आणि दाजींच्या सारख्या बदल्या होत म्हणून अक्का मनूला, म्हणजे माझ्या एकुलत्या एक भाचीला घेऊन बोईसरजवळ सालवडला आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आली. दाजी रजेवर येत. जेलचा हवालदार म्हटल्यावर चाळीतल्या पोरांनी धाकात राहायची तयारी केली होती, पण आले ते हे एवढे उंच, किंचित वाकलेले, भरघोस मिशांचे आणि झोपेतून नुकतंच उठवल्यासारखे दिसणारे गृहस्थ. आले आणि दारासमोर उभे राहिले. उभेच राहिले. घरात कुणी नव्हतं, दार नुसतं लोटलेलं होतं. अक्का बाजारातून आली तेव्हा हे पिशवी हातात धरून दाराकडे बघत शांत उभे. मी विचारलं तर म्हणाले, "दार ढकलायची सवय नाही हो, पाव्हणं. आमच्याकडं फाटक पलीकडचा उघडतो. आपण थांबायचं." त्या थांबण्यात त्रास म्हणून नव्हता. दारापाशी उभं राहिलं की त्यांची जणू समाधी लागे. बँक, दवाखाना, देऊळ, कुठल्याही दारात ते असे उभे राहिले की मागून येणारे लोक रांग समजून त्यांच्या मागे उभे राहत.

एकदा त्यांना दातिवऱ्याला समुद्रावर नेलं. ओहोटीची दुपार होती, वाळूवर बोंबील वाळत होते, पाणी लांब आत गेलेलं आणि सगळीकडे धुरकट ऊन. दाजींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे वळून पाहिलं आणि अस्वस्थ होऊन म्हणाले, "पाव्हणं, ह्याला पलीकडची भिंत नाही."

"समुद्र आहे, दाजी."

"ते कळलं. पण मग माणसानं पाठ कुठं टेकायची?"

शेवटी त्यांनी एक सुरूचं झाड पसंत केलं, त्याला पाठ लावून बसले आणि डोळे अर्धे मिटून घेतले. त्यानंतर जेव्हा जेव्हा आम्ही गेलो तेव्हा तेच झाड. तासन्‌तास बसत. वरून सुरूची सळसळ, समोर ती भिंत नसलेली जागा. बोंबील परतवायला येणारी एक म्हातारी त्यांना दर वेळी विचारी, "दादा, जागा हाय का झोपला हाय?" दाजी म्हणत, "अजून ठरलं नाही, मावशी." मला वाटतं, ते कधीच ठरलं नाही. आयुष्यभर रात्रपाळ्या केलेला हा माणूस दिवसाच्या कडेकडेनं अलगद चालायचा.

आता ओळखीचं सांगतो. दाजींच्या खात्यात कुठेही न लिहिलेला एक रिवाज आहे. सुटून गेलेला माणूस बाहेर दिसला तर आपण आधी ओळख द्यायची नाही. त्याच्याबरोबर बायको असेल, सून असेल, नवा मालक असेल. त्यानं नमस्कार केला तर करायचा. नाही केला तर आपण भाजी बघायची. हा झाला रिवाज. पण इतक्या वर्षांत दाजींच्या डोक्यात चेहऱ्यांची अशी काही दाटी झाली की कुठला चेहरा आत पाहिला आणि कुठला बाहेर, ह्याचा पत्ता लागेना. त्यावर त्यांनी आपल्या परीनं सोपा उपाय काढला. आधी कुणालाच ओळखायचं नाही. घरमालक समोरून आला, भाजी. दवाखान्यातले डॉक्टर आले, भाजी. सख्खा चुलतभाऊ गावाहून आला, तरी भाजी. बोईसरच्या बाजारात दाजींइतकी भाजी कुणी बघितली नसेल, आणि विकत मात्र एक जुडी घेतली नाही. एकदा मी स्वतः समोरून आलो तर त्यांनी पडवळ उचलून त्याच्याकडे असं टक लावून पाहिलं की भाजीवाली घाबरली. मी "दाजी" म्हणून हाक मारल्यावर मात्र मिशांसकट फुलून आले. "अरे, पाव्हणं होय? चेहरा ओळखीचा वाटला म्हणून बोललो नाही."

दुसरा रिवाज निरोपाचा. सुटणाऱ्याला फाटकाशी कधी 'परत या' म्हणायचं नाही. 'जा, मागं बघू नको' एवढंच. दाजी हे घरीही पाळत. गौरी-गणपतीला आलेल्या बायका कुंकू लावून निघाल्या, "येतो हं" म्हणाल्या, की दारात उभे राहून हे मायेनं सांगणार, "जा. मागं बघू नका." पुढच्या वर्षी त्यातल्या निम्म्या खरंच आल्या नाहीत. अक्कानं कपाळाला हात लावला. "सगळी माणसं तोडून ठेवा तुम्ही," ती म्हणायची. दाजी म्हणायचे, "मी वाईट काय बोललो? माझं हे वाक्य ऐकायला लोक वर्षानुवर्षं थांबतात."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येत होतं. मग मनूचं लग्न निघालं. मनू एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली होती, तिथलाच वाणगावचा एक मुलगा तिनं पसंत केला. त्याच्या वडिलांची मिरचीची आणि चिकूची वाडी. मोठा मानी माणूस. मुलीला बघायला म्हणून ते एकदा सालवडला येऊन गेले, आणि पुढच्याच रविवारी दाजी आणि मी बाजारात असताना एक गृहस्थ समोर येऊन हसतमुख उभे राहिले. बघण्याच्या दिवशी माझी ड्यूटी होती, मला ते कोण ते ठाऊक नाही. ते मुलाचे वडील, मुलीच्या बापानं आधी हात जोडावेत म्हणून थांबलेले. आणि हे आपले दुधी बघताहेत. त्या गृहस्थांचं हसू हळूहळू कमी कमी होत गेलेलं मला अजून दिसतं.

वाणगावहून निरोप आला. मुलीचे वडील फार मोठे साहेब दिसतात, आमची शेतकऱ्याची पायरी त्यांना शोभायची नाही, सुपारीचं तूर्त राहू द्या. मनू जेवेना. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दाजी दाराबाहेर उभे, दार कुणी उघडेल म्हणून वाट बघत. "चेहरा ओळखीचा वाटला," एवढंच ते म्हणत होते. अक्का म्हणाली, "मग जा आणि सांगा त्यांना, तुम्ही मला सुटलेले कैदी वाटलात म्हणून." खरी पंचाईत तीच होती. झाल्या अपमानाला कारण होतं, पण ते अपमानाहून भयंकर. शेवटी मी तोडगा काढला. मोतीबिंदू. दिसत नाही म्हणून सांगायचं. दाजींनी बराच वेळ विचार करून मान डोलावली.

वाणगावला मुलाच्या वडिलांसमोर, त्यांच्या ओटीवर आम्ही बसलो. पाणी आलं, पण बोलणं काही येईना. मी घसा खाकरून मोतीबिंदूकडे वळणार, तेवढ्यात ह्या थोर माणसानं समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं बसल्या जागेवरून वाचून दाखवली, "बुधवारी संकष्टी आहे वाटतं." झालं. मी मुकाट्यानं पाणी प्यायलो.

तेवढ्यात वाडीतला एक म्हातारा गडी चिकूंची टोपली घेऊन आला. डोंगराकडचा, काटक, पांढऱ्या केसांचा. टोपली ठेवून तो दाजींकडे बघत राहिला. दाजी चिकू बघू लागले.

"सायब, मी लहानू," तो म्हणाला. दाजी चिकूच बघत राहिले. मग तो मालकांकडे, मुलाच्या वडिलांकडे वळला. "शेट, ह्ये सायब माना वलखतात. मी आत होतो ना, तवा ह्ये तिथं होते. सुटलो त्या दिवशी फाटकात बोल्ले, जा, मागं बघू नको. नाय बघला. मंग एकदा बोयसरला दिसले, माजी सून संगती होती, तर सायबांनी तोंड फिरवला. तिला कायपन कळू दिला नाय." त्याचे डोळे भरून आले होते. "आता तरी बोला, सायब. हितं कोनी परका नाय."

दाजींनी मालकांच्या तोंडाकडे पाहिलं. मालक म्हणाले, "मला ठाऊक हाय रे, लहानू. साऱ्या गावाला ठाऊक हाय. आमी बोलत नाय, इतकंच." तेव्हा कुठे दाजी उठले आणि त्यांनी लहानूचे दोन्ही हात हातात घेतले. वाडीत कुठेतरी पाणी सोडलेलं होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. मग मालकांच्या कपाळाला आठी पडली.

"म्हणजे त्या दिवशी बाजारात... मी पन?"

मी डोळे मिटून घेतले. दाजी म्हणाले, "चेहरा ओळखीचा वाटला."

आधी स्वयंपाकघरातून विहीणबाईंचं हसणं ऐकू आलं. मग मालकही हसायला लागले, ते हसता हसता पाठीमागे टेकले. "बरं, मग कशाबद्दल आत असेन मी?" दाजींनी त्यांचा चेहरा अगदी मन लावून पाहिला. "साधा आहे चेहरा. फार तर बांधाचं भांडण." वाड्या असलेल्या माणसाला ह्याहून खरं काय सांगणार? सुपारी त्याच दिवशी ठरली.

पाठवणीला अक्का ओक्साबोक्शी रडत होती. दाजी गाडीशी गेले, मनूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा, मने. मागं बघू नको." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मनूला मात्र बाप कळत होता. ती मागे न बघता गेली, आणि गाडी वळणाआड झाली तरी दाजी तिथेच उभे होते, कुणीतरी फाटक उघडायची वाट बघावी तसे.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. दाजी निवृत्त होऊन सालवडलाच असतात. हाक मारल्याशिवाय ते मला ओळखत नाहीत, पण ते कधी ओळखत होते? आम्ही हसायचो. मनू तर वाणगावहून आली की जिन्यातूनच "बाबा" म्हणून ओरडत यायची. परवा तिच्या खांद्यावर पोर झोपलं होतं म्हणून ती न बोलता आत आली. मी तिथेच होतो. दाजींनी तिच्याकडे पाहिलं, नीट, खूप वेळ पाहिलं. आणि मग हळूच मान वळवून अक्काच्या टोपलीतली भाजी बघू लागले, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. नंतर तिनं "बाबा" म्हटलं, तरी ह्या वेळी मिशा फुलल्या नाहीत. हे कधीपासून चाललं होतं, ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही.

मनू त्यांच्याजवळ बसली. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघताना ती वाकून पाया पडली. दाजी तिला सोडायला दारापर्यंत आले. दार लोटलेलं होतं, ते त्यांनी स्वतःच्या हातानं उघडलं आणि ज्या माणसानं असं जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं, तो अगदी आर्जवानं म्हणाला, "परत या हं."

"येते," मनू म्हणाली, आणि जिना उतरताना दर वळणावर मागे वळून बघत राहिली.