इंधन शून्य, उंची चौऱ्याहत्तर किलोमीटर

सेलूच्या एका जिनिंगमध्ये मी कापसाचा ओलावा तपासतो. एकोणीस वर्षं झाली. मीटर दाखवील तो आकडा खरा, बाकी सगळ्या गप्पा. भूत, करणी, गेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही सांगणं... असले विषय निघाले की मी चहा अर्धा ठेवून उठतो. आजही उठेन. तरी हे लिहितोय, कारण यातले आकडे मी स्वतःच्या हातानं उतरवलेत आणि ते जुळत नाहीत.

आधी भांडण सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझा धाकटा भाऊ सुधीर मानवतला कॉम्प्युटर क्लास चालवायचा, शेतही तोच बघायचा. तीन वर्षांमागं तो कापसाची गाडी घेऊन आमच्या जिनिंगवर आला. मी मीटर खुपसला. १४.२. आमच्याकडं बारा टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो.

"वजनासाठी पाणी मारलंय," मी म्हणालो.

"अण्णा, पाणी कशाला मारू? बाया ऊसतोडीला निघाल्या होत्या, ट्रक दारात उभा. शेवटची वेचणी पहाटं दवातच करून घेतली, तोच कापूस वर आहे."

"एवढं दव पडत नसतं आपल्याकडं."

मागं सात-आठ गाड्या उभ्या होत्या. त्यातून कुणीतरी ओरडलं, "सख्ख्या भावाला बी सोडंना की हा गडी!" लोक हसले. खरं सांगतो, मला ते कौतुक वाटलं. सुधीरनं गाडी वळवली. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, मीही नाही. दोन दिवाळ्या तशाच गेल्या. मागच्या उन्हाळ्यात हार्ट अटॅकनं तो गेला. एक्केचाळीसचा होता.

क्लासची जागा रिकामी करताना त्याची बायको रेखा म्हणाली, "अण्णा, बाकीचे कॉम्प्युटर देऊन टाकले. हा त्यांचा सोताचा. तुमी न्या." सोबत एक दोनशे पानी वही दिली. वर सुधीरच्या अक्षरात — 'नवशिक्यांसाठी'.

आत अवकाशयानाच्या एका खेळाच्या सूचना होत्या. रॉकेट आपणच जोडायचं, इंधन भरायचं, हवेच्या वर नेऊन ग्रहाभोवती फिरत ठेवायचं आणि आतला माणूस जिवंत परत आणायचा... असा खेळ. क्लासच्या पोरांना तो हे शिकवायचा. मला ठाऊकही नव्हतं.

पहिली सूचना : 'पहिलं रॉकेट पडणारच. पडू द्या. इथं कुणी खरं मरत नाही.' दुसरी : 'नुसतं वर जाऊ नका, वर गेलेलं सरळ खाली येतं. हळूहळू आडवे व्हा. आडवा वेग असेल तरच टिकाल.' पुढं एके ठिकाणी : 'खेळ बंद केला की आतलं घड्याळ थांबतं. आठ दिवसांनी आलात तरी यान तिथंच असेल, घाबरू नका.'

खेळ उघडला. एकच यान फिरत होतं. आतल्या माणसाचं नाव सुधीरनं टाइप केलेलं — अण्णा.

वही घेऊन आकडे उतरवले. फेरीतली सगळ्यात जास्त उंची २१२ किलोमीटर, सगळ्यात कमी ७४. इंधन शून्य. त्या खेळात हवा सत्तर किलोमीटरला संपते. सत्तरच्या खाली आलं तरच हवेच्या घर्षणानं यानाचा वेग कमी होतो आणि ते उतरतं. चौऱ्याहत्तरवरचं यान कितीही वर्षं फिरलं तरी खाली येत नाही.

म्हणजे मला वर चढवून, इंधन संपवून, अधांतरी सोडलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. रेखाला फोन लावला.

"मला त्यातलं काय कळतंय अण्णा? 'अण्णा वर हायेत' म्हनायचे अन् हसायचे."

"हसायचा म्हणजे कसा?"

ती म्हणाली, "आता कसं सांगू? हसायचे."

तेव्हापासून मला एवढंच हवं होतं — त्यानं मला मुद्दाम अडकवलं होतं की तो मला खाली आणायच्या खटपटीत होता? माणसाला विचारायची सोय राहिली नव्हती. वाटलं, ते यान उतरवलं तर निदान एक गोष्ट तरी मिटेल. दुसरं रॉकेट नेऊन 'अण्णा'ला त्यात घ्यायचं आणि परत यायचं, एवढाच मार्ग होता.

दर रविवारी दुपारी जेवण झालं की बसायचो. पहिल्या खेपेला इंजिन आणि पॅराशूट एकाच बटणावर जोडले. जमिनीवरच छत्री उघडली. माझी बायको मंगल शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत होती. "जिता होता तवर त्याच्या दारात गेला न्हाईत," ती म्हणाली, "आता रॉकेट घेऊन जायलेत."

मी नवं रॉकेट जोडायला घेतलं.

अकरा खेपा झाल्या. प्रत्येकीची नोंद आहे. नवव्या खेपेला मी 'अण्णा'च्या यानापासून चार किलोमीटरवर पोचलो. यान पुढं दिसत होतं, म्हणून गाठायला वेग वाढवला, तर मी त्याच्यापेक्षा उंच फेकला गेलो आणि मागं पडत गेलो. मग वहीत शोधलं. होतं. 'पुढच्याला गाठायचं तर वेग वाढवू नका, कमी करा. खाली या, लहान फेरीत आपोआप गाठाल. पुढं पळून कुणी कुणाला भेटत नसतं.'

अकरावी खेपही फसली. त्या रविवारी खेळ बंद करण्याआधी सुधीरच्या यानाचे आकडे मी नेहमीसारखे उतरवले. कमी उंची ७४, जास्त २१२, इंधन शून्य. खेळातलं घड्याळ सेकंदासकट लिहिलं. मग कॉम्प्युटरची वायर काढून कपाटात ठेवली. त्या प्लगवर आठवडाभर मंगलची इस्त्री चालते. कपाटाची किल्ली माझ्या करदोट्याला असते. आंघोळीलाही निघत नाही.

पुढच्या रविवारी खेळ उघडला. घड्याळ — तेच, सेकंदाचाही फरक नाही. जास्त उंची २१२. इंधन शून्य. कमी उंची — १४.२.

मी चष्मा पुसला. खेळ बंद करून पुन्हा उघडला. १४.२.

यान खाली यायला लागलं होतं. मी कशालाही हात लावला नाही. सत्तरला आजूबाजूला ज्वाळा दिसू लागल्या. मंगलचं मशीन थांबलं. ती मागं येऊन उभी राहिली. 'पॅराशूटची घाई करू नका, वेग उतरू द्या' — ही सूचना तोंडपाठ होती. थांबलो. वेग उतरल्यावर बटण दाबलं. छत्री उघडली. यान एका माळावर टेकलं.

"उतरलेत का तुमी?" मंगलनं विचारलं.

"उतरलो."

ती पदर तोंडाला लावून आत गेली.

आता शंका. कुणी चालवलं म्हणाल, तर घड्याळ पुढं गेलं असतं. इंधन जाळलं म्हणाल, तर ते नव्हतंच. माझ्या रॉकेटची धडक बसली म्हणाल, तर ते चार किलोमीटरच्या आत कधी पोचलंच नाही, आणि आकडे मी शेवटच्या खेपेनंतर उतरवलेत. इंटरनेट घरात नाही. हा खेळ खेळणाऱ्या परभणीच्या दोन पोरांना वही दाखवली. एक म्हणाला, "काका, लिहिताना चुकलं असेल." दुसऱ्यानं आकडे पुन्हा वाचले आणि वही परत दिली.

मला कारण सापडलेलं नाही. सापडेल असंही वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर, कारणापेक्षा तो आकडा खुपतो. सुधीरनं मला खाली उतरवलं, की जिनिंगवरचा तोच आकडा परत माझ्या तोंडावर मारला? दोन्ही बाजूंनी विचार करतो. दोन्हीकडं तो हसतोय, आणि कसा हसतोय ते दिसत नाही.

एक आकडा मात्र माझ्याजवळ नाही. गाडीतल्या कापसात तीन ठिकाणी मीटर खुपसायचा, वर, मधे आणि तळाला, आणि सरासरी धरायची, हा आमचा नियम आहे. एकोणीस वर्षांत मी तो एकदाच मोडला. शेवटची वेचणी वरच्या थरात होती, हे सुधीर सांगत होता. गाडी भावाची होती, लोक बघत होते, आणि मी वरच्या थरात एकदा मीटर खुपसून मोकळा झालो.

खालच्या कापसाचा ओलावा किती भरला असता, ते आता कुणीच सांगू शकत नाही.