कूलरखालचा नेचा

वडील गेल्यावर काही महिन्यांनी आई दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या घरी राहायला आली, ती दोन बॅगा आणि एक कापडी पिशवी घेऊन. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला नेचा होता, कोकणातल्या आमच्या विहिरीच्या दगडांतून काढलेला. तळमजल्याच्या आमच्या हातभर बागेकडे तिने एकदा पाहिलं आणि जाहीर केलं, "हा इथे रुजला तर मी राहीन. नाही तर गणपतीला मला घरी सोडून ये. आणि मी याला हात लावणार नाही, तुझं तू बघ."

मी हसलो, पण मनातून चरकलो. तिने त्या घरात एकटीने राहावं, हे मला सोसण्यासारखं नव्हतं. फोनवर "जेवलीस का?" विचारलं की ती कायम "हो" म्हणायची, आणि ते खोटं आहे हे मला कळायचं. तिला ठेवून घ्यायचं तर नेचा जगवायला हवा होता. आणि माझ्या हातून तर मनीप्लांटसुद्धा मेलेला.

एप्रिल उलटला, लूचे गरम वारे सुरू झाले आणि पानं कडेने करपायला लागली. मांजर पिल्लं हलवते तशी मी कुंडी बागभर हलवत राहिलो. शेवटी जागा सापडली ती कूलरच्या खाली. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर आमचा कूलर आहे. त्यातून सारखं पाणी ठिबकतं आणि तिथे ऊन फिरकत नाही. दिल्लीत याहून जास्त कोकण मिळणं शक्य नव्हतं. नोएडाची मेट्रो गाठण्याआधी मी रोज कूलरची टाकी भरून ठेवू लागलो. बायको म्हणाली, "माझ्यासाठी कधी उठला नाहीस यार इतक्या लवकर!"

जूनमध्ये नेच्याला नव्या पानांच्या गुंडाळ्या फुटल्या. मी हरखलो. कौतुकाने एक पान उलटून पाहिलं. पानाच्या पाठीवर सगळीकडे पांढरी भुकटी होती.

शेजारचे अंकल म्हणजे सोसायटीतल्या झाडांचे डॉक्टर. त्यांनी कुंपणापलीकडूनच निदान केलं, "मिलीबग है जी. पूरा गमला जाएगा." इथल्या जास्वंदींवर ती पांढरी कीड मी दर उन्हाळ्यात पाहिलेली होती, त्यामुळे शंकाच आली नाही. आईला विचारायला हवं होतं, हे मान्य. पण रोगाचं कळलं तर ती बॅग भरायला घेईल, या धास्तीने मी गप्प बसलो.

रविवारी आई नातीला घेऊन बाजारात गेली. मी साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन बसलो आणि एकेक पान घासलं. दोन तासांनी नेचा दोन्ही बाजूंनी हिरवागार झाला होता. मी स्वतःवरच खूश झालो.

संध्याकाळी आईने नातीला बागेत बोलावलं. "ये, तुला एक गंमत दाखवते." तिने एक पान खुडलं, लेकीच्या हातावर ठेवलं आणि वरून थाप मारली. पान उचललं तर खाली नुसता लाल हात.

"आजी, मारलं क्यों?" लेक रडवेली झाली.

आईने पान उलटून पाहिलं, मग हुंगलं. "याला साबणाचा वास कसा?"

मी सगळं कबूल केलं. कीड, अंकल, टूथब्रश, तिची बॅग. आई पायरीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. वडील गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"अरे, ती कीड नाही, या नेच्याची चांदी! हातावर दाबलं की पानाचा पांढरा छाप उठतो. लहानपणी आमचे हात भरलेले असायचे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!"

मला कुठून माहीत असणार? मी वाढलो दिल्लीतच, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये; आई-वडील कोकणात परतले ते वडिलांच्या निवृत्तीनंतर. कोकणात जायचो ते मे महिन्यात, तेव्हा विहिरीवरचे नेचे वाळलेले असायचे.

पुढचे दोन महिने मी नव्या पानांवर डोळे लावून बसलो. ऑगस्टमध्ये ती उलगडली, खाली छान पांढरी. लेकीच्या दोन्ही हातांवर छाप उठले. सोसायटीतली पोरं रांग लावून आली, आणि त्यांच्यामागे अंकलही, बाही वर करून.

सगळे पांगल्यावर मी धीर करून विचारलं, "मग आई, गणपतीचं तिकीट?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. "परत जायचंच असतं, तर तिथून उपटून आणला असता का रे याला?"

मी नुसता हात पुढे केला. तिने त्यावर पान ठेवलं आणि थाप मारली, गरजेपेक्षा जरा जोरातच.