अर्ध्यावर कापलेलं ‘आलो’

फोन आला तेव्हा मी प्रमोदचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. फोन आमच्या ह्यांनी घेतला आणि ते तिथंच खाली बसले. वर्ध्याहून येताना रस्त्यात गाडीचा अपघात झाला होता... प्रमोद जागीच गेला होता.

प्रमोद माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आंजीत आले तेव्हा तो शाळेत जायचा. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, सासऱ्यांसमोर तर अजूनही नाही. पण त्याला जेवायला मोठ्यानंच बोलवावं लागायचं, कारण मागच्या खोलीत तो कानाला हेडफोन लावून लॅपटॉपवर गाणी बनवत असायचा, लग्नांतल्या डीजेसाठी. धड गाण्याचे तो बारीक तुकडे करायचा, एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा, मध्येच आवाज तोडून टाकायचा. मी एकदा म्हटलं, “भाऊजी, तुमचं गाणं अटकून राह्यलं जी.” तो हसला. “मीच अटकवलं वैनी. नाचता नाचता माणूस थांबते अन् पुढचं यायची वाट पाह्यते. त्याच्यातच तर मजा आहे.”

एक दिवस त्या लॅपटॉपमधून मीच बोलले, “भाऊजी, जेवाले या.” त्यानं माझी हाक गुपचूप मोबाईलवर भरून घेतली होती. गावात वाजवलं तर सिंदीला माहेरी निघून जाईन, असं मी सांगितलं. तेव्हा त्यानं मला शेजारी बसवून त्या हाकेतला नुसता ‘या’ कापला, फाटल्यासारखा केला. मलाच माझा आवाज ओळखू येईना. “आता वळखते काय कोणी? आवाजाले पदर घेऊन देल्ला.” हाकेमागून त्याचं ‘आलो’ही भरलं गेलं होतं. तेही कापून त्यानं ‘आ... आ... आ...’ एवढंच ठेवलं.

तो गेल्यानंतर, परवा गल्लीतून वरात गेली. मी मोरीत भांडी घासत होते. बाहेर माझा फाटका ‘या... या...’ वाजला आणि त्यामागून त्याचा ‘आ... आ...’ आला. माझा हात थांबला. पुढं नुसताच ठोका आला आणि लोक ओरडून नाचायला लागले.

त्याचा मित्र राहुल लॅपटॉप पाहायला आला, तेव्हा लाज बाजूला ठेवून मी विचारलं, पूर्ण ‘आलो’ कुठं असेल का. त्यानं बराच वेळ शोधलं. जागा भरते म्हणून प्रमोद जुनं पुसून टाकायचा, म्हणाला. मग खाली बघत बोलला, “वैनी, माह्या आवाजातला जोडून देऊ काय? समजणार नाई.”

“नको,” मी म्हटलं. “त्यानं अटकवलं तसंच राहू दे.”

हेडफोन अजून खिळ्यावर आहे, एका बाजूला लाल टेप गुंडाळलेला. काल स्वयंपाक झाल्यावर मी त्या खोलीच्या दाराशी गेले आणि हाक तोंडातून निघूनच गेली, मोठ्यानं. सासरे ओसरीवर होते. त्यांनी मान वर केली नाही. मी चौकट धरून तशीच उभी राहिले... पुढचं यायची वाट पाहत.