भेग बुजवली त्या दिवशी

शाळेत सगळे तिला भूगोलबाई म्हणत. पृथ्वीच्या पोटात काय दडलंय हे ती असं रंगवून सांगायची, की शेवटच्या बाकावरची टवाळ मंडळीही कान टवकारून बसत. वर पातळ कवच, त्याखाली तापलेलं जाड प्रावरण, अगदी आत गाभा. वरचा कडक भाग अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, आणि ते सतत सरकत असतात. "किती वेगानं?" असं विचारून ती स्वतःच बोटं पुढे करायची. "नखं वाढतात ना, साधारण तेवढ्याच वेगानं."

धाकट्या बहिणीला याची गंमत वाटे. बाजारातल्या जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर तिचं शिवणाचं दुकान होतं. "ताई, तुझी पृथ्वी माझ्या गिऱ्हाइकांपेक्षा बरी," ती म्हणायची. "निदान घाई तरी करत नाही."

एका दुपारी जमीन हादरली. शाळा बैठी होती, ती तगली. पोरं मैदानात पळाली. बाजारातली ती इमारत मात्र मटकन खाली बसली. धाकटीला बाहेर काढलं तेव्हा मोजपट्टी गळ्यात तशीच होती.

आईनं आकांत केला नाही. लोक भेटायला आले, त्यांना पाणी दिलं, त्यांचंच सांत्वन केलं. पण नंतर ती रोज घराबाहेर पडू लागली. बाजारापलीकडे रस्त्यावर एक लांब भेग पडली होती. तिथे रस्त्याचा पांढरा पट्टा तुटून त्याचा एक तुकडा हातभर बाजूला गेला होता. आई तिथे जाऊन उभी राहायची.

"काय बघतेस गं इथे?" भूगोलबाईनं एकदा विचारलं.

"एवढंच सरकलं?" आई म्हणाली. "एवढ्याशासाठी माझी पोर नेली?"

मग रस्ता दुरुस्त करणारे आले. खडी पडली, रोलर आला, आणि आई भेगेच्या काठावर बसून राहिली. रोलरवाल्यानं मशीन बंद केलं. "आजी, ऊन लागेल हो, सावलीत बसा." आई जागची हलली नाही. आवाज चढवणं त्याच्या जिवावर आलं. शेवटी कुणीतरी शाळेत निरोप धाडला आणि भूगोलबाई तास सोडून धावत आली.

"घरी चल, आई."

"आधी मला समजावून सांग. परक्याच्या पोरांना सांगतेस, तसं."

ती आईशेजारी खडीवर बसली. म्हणाली, "दोन तुकडे एकमेकांना घासत जातात. काही ठिकाणी कडा अडकतात. मागून रेटा चालूच असतो, म्हणून ताण साठत जातो. पिढ्यान्‌पिढ्या साठतो. मग एक दिवस अडकलेलं सुटतं."

"म्हणजे कुणाच्या मनात काही नव्हतं?"

"नाही गं."

"पुन्हा होईल?"

"होईल."

"कधी?"

"ते सांगता येत नाही. कुणालाच नाही."

आई भेगेकडे वळली. "मग मी भांडू कुणाशी?" ती म्हणाली.

 भूगोलबाईचं इतके दिवस आईसाठी म्हणून दाबून धरलेलं रडू एकदम फुटलं. भर रस्त्यात, चार कामगारांसमोर, ती लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि रोलरवाल्याला म्हणाली, "भरा बाबा. तुमचंही काम खोळंबलंय."

पृथ्वीच्या पोटाचा तो धडा भूगोलबाईनं पुन्हा शिकवला नाही. वारे शिकवले, नद्या शिकवल्या, नकाशे शिकवले. तेवढा धडा विज्ञानाचे सर घेऊ लागले. त्यांनी कारण विचारलं नाही. सर विनोदी होते. त्यांच्या तासाला वर्गातून हशा यायचा, आणि शिक्षकांच्या खोलीत ती हातातली वही तपासता तपासता थांबून तो ऐकत राहायची.

आई पुढे पुष्कळ वर्षं जगली. संध्याकाळी दोघी भाजी निवडायला बसत. कधी रस्त्यावरून जड ट्रक गेला की फळीवरची भांडी किणकिणत. दोघींचे हात थबकत. ट्रक दूर गेला की दोघी पुन्हा भाजी निवडू लागत.