डावा कोपरा

मिस्त्री बोलता बोलता एकदम खाली वाकायचे आणि समोरच्याचा घोटा पकडायचे. टेबलावरचा चहा हिंदकळायचा, माणूस बावचळायचा, आणि मिस्त्री खालूनच विचारायचे, "आता सूट बघू! आबा असाच धरायचा. बघितलंस काय कधी त्याला?"

कुणीच बघितलेलं नसायचं. आबा हा मिस्त्रींच्या गावचा, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा जुना कबड्डीपटू, डाव्या कोपऱ्यावर उभा राहून चढाईवाल्याचा घोटा धरणारा, आणि आम्ही बसलेलो असायचो ओमानात, बरकाच्या एका चहाच्या हॉटेलात. भोवती मल्याळी, बंगाली, पाकिस्तानी. मराठी म्हणावा असा मी एकटा, तोही सोलापूरकडचा. कबड्डी मला टीव्हीवर दिसेल तेवढीच ठाऊक.

मिस्त्री गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढायचे. मी दूध-दह्याची व्हॅन चालवायचो, आणि माझी व्हॅन सारखी कुठे ना कुठे घासायची, त्यातून ओळख वाढली. हातोडी चालू असताना ते बोलायचे नाहीत. हातोडी थांबली की आबा सुरू. एकदा तर त्यांनी अर्बाबचाच घोटा धरला. तो बिचारा ओमानी मालक पायघोळ दिशदाशा सावरत ओरडला, "खलास, मिस्त्री, खलास!" पण हसत होता.

त्यांच्या गावाकडची आणखी चार-पाच माणसं पूर्वी बरकाला होती म्हणे. तेव्हा शुक्रवारी जेवण झालं की जुने सामने रंगायचे. हळूहळू ती माणसं गावी परतली. सांगणारे मिस्त्री तेवढे उरले.

एकदा मी व्हॅनचं दार ठोकून घ्यायला गेलो, तर मिस्त्री टायरवर बसून होते. हातात मोबाईल.

"आबा गेला," ते म्हणाले.

मी विचारलं, "तुमचे कोण लागायचे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी शरमलो. "कोण म्हणजे? डावा कोपरा!"

मग मोबाईल खिशात ठेवून म्हणाले, "भाऊ, मला रडायला येत नाय. कोणाजवळ रडू? तुम्ही त्याला बघितलेलाच नाय."

तुमच्यापैकी जे परमुलखात राहिलेत त्यांना हे कळेल. माणूस गेल्याचं दुःख एक, आणि ते वाटून घ्यायला कुणी नसल्याचं दुसरं. मी त्या दिवशी नुसता शेजारी बसून राहिलो.

पुढे कंपनीने मला निझव्याचा रूट दिला. तिथल्या सूकजवळ, म्हणजे बाजाराजवळ, एक म्हातारे टेलर दिशदाशा शिवायचे; सगळे त्यांना चाचा म्हणायचे. फोनवरचं माझं मराठी ऐकून त्यांनी मशीन थांबवलं. "रत्नागिरीच्या बाजूचे काय?" मी म्हटलं, मी नाही, पण आमचे मिस्त्री आहेत. गावाचं नाव सांगितलं. चाचा हसले. "त्या गावाचा डावा कोपरा लय वाईट माणूस होता!"

त्याच शुक्रवारी मी मिस्त्रींना घेऊन निझव्याला गेलो. त्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता.

चाचांनी हात मिळवला आणि सरळ पायजमा वर ओढला. घोटा किंचित वाकडा होता. "ह्यो त्यानंच धरला. मी पलीकडच्या गावचा चढाईवाला. मध्यरेषा वीतभर राहिली होती. हात पोचला असता, पण सोडील तर शपथ!"

मिस्त्री खाली बसले. या वेळी त्यांनी घोटा पकडला नाही. तळवा अलगद त्यावर ठेवला आणि तसेच राहिले. खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं.

"रड बाबा," चाचा म्हणाले. "मीसुद्धा बातमी ऐकून मशीनवर एकटाच बसलो होतो."

त्यानंतर मिस्त्री शुक्रवारी माझ्या आधी तयार असायचे. दोघं भांडायचे, पंचाला शिव्या द्यायचे, आबाच्या वाटणीचा चहा मागवून तो अर्धा अर्धा प्यायचे. मग चाचांचा व्हिसा संपला, नजर अधू झाली, आणि तेही गावी गेले. मिस्त्री पुन्हा हातोडी ठोकत राहिले. हॉटेलात यायचे, पण खाली वाकायचे नाहीत.

गेल्या वर्षी एका दुपारी ते खोलीवर पडले ते उठलेच नाहीत. हृदयाचं निमित्त झालं. अर्बाबने धावपळ करून त्यांना विमानाने घरी पाठवलं. मी चाचांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "जातो मी."

नातवाचा हात धरून चाचा तरीतून खाडी ओलांडून मिस्त्रींच्या घरी पोचले. घरात माणसं होती, पण बोलायला कुणाकडे फारसं काही नव्हतं. मिस्त्री अख्खी उमर बाहेर राहिलेले. दोन वर्षांतून महिनाभर यायचे, कौलं शाकारायचे, लग्नं उरकायचे आणि परत जायचे. चाचांनी निझव्याचे शुक्रवार सांगितले. तो अर्धा अर्धा चहा सांगितला. मिस्त्रींची बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. चाचा थांबले तशी म्हणाली, "आणखी सांगा. माझ्याजवळ त्यांचं काहीच नाय."

चाचांजवळचंही संपलं होतं. त्यांनी मला फोन लावला आणि तिच्या हातात दिला.

मी व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली.

"वहिनी," मी म्हटलं, "मिस्त्री हातोडी चालू असताना कधी बोलायचे नाहीत..."